अक्का, मी फराळाचं ताट परत केलं

अक्का, तुम्ही कशानं गेलात, कोणत्या दवाखान्यात होतात, शेवटी कुणाचं नाव घेतलंत, हे सगळं भावजी येईल त्या पाव्हण्याला सांगतात. मी सांगणार नाही. इतकी वर्षं एका चुलीवर काढली आणि त्यातले शेवटचे आजारपणाचे दिवस तेवढे उगाळत बसायचे, हे मला पटत नाही. शिवाय तुमच्याशी माझं एक भांडण अर्धं राहिलंय. ते पुरं करायला बसले आहे.

आधी बातमी सांगते. शेजारच्या कौसाबाईनं आणलेलं फराळाचं ताट मी दारातून परत केलं. दुःखाच्या घरी आलेलं ताट. होय, मीच. तुमची धाकटी जाऊ, अंगणवाडीची बाई, जिच्याबद्दल तुम्ही पाव्हण्यांना सांगायचात, "तोंडाची तिखट हाय, पण मनाची बरी हाय." आता गावात त्यातला पहिला भागच खरा मानतात. कपाळावर हात मारून घेतलात ना? घ्या मारून. पण पुरतं ऐकून मग बोला.

भांडणाचं मूळ म्हणजे वकील. नाव तुम्हीच ठेवलंत. तुम्ही आणि भावजी एकमेकांवर आवाज चढवायला लागलात की ते तांबडं पिल्लू मध्ये येऊन बसायचं आणि दोघांवर आळीपाळीनं भुंकायचं. "ह्ये दोन्हीकडून फी घेऊन राह्यलं," तुम्ही म्हणालात, आणि आपल्या घरात कुत्रा नाही, वकील आला.

त्याची पहिली दिवाळी आठवते? लक्ष्मीपूजनाची पानं मांडत होतो आणि ओट्यासमोर सुतळी बॉम्ब फुटला. वकील माझ्या पायांमधून जो सुटला तो दिसलाच नाही. पाडव्याच्या दिवशी सगळ्या बायका ओवाळण्यात आणि आपण दोघी शेताच्या बांधांवर हाका मारत फिरतोय. "वकील, ए वकील!" एक म्हातारा बैलांना पाणी पाजत होता, तो म्हणाला, "बाई, वकील हिंगोलीला भेटतात, कचेरीपाशी." तुम्ही रडता रडता हसलात. शेवटी सापडला तो पार नरसीला, रस्त्याकडेच्या नारळ-प्रसादाच्या दुकानात, बाकाखाली. दुकानदारानं त्याच्यासमोर चिरमुरे टाकले होते आणि त्यानं एकही खाल्ला नव्हता. तुम्ही तिथेच मातीत बसलात आणि त्याच्या अंगावर नुसता हात ठेवलात. मी उचलायला गेले तर मला म्हणालात, "धरू नको गच. भेलेल्या जीवाला गच धरलं की त्याला वाटतं ह्येनबी मारायलंय. हात ठेव निस्ता. येतं मग." आला.

त्यानंतर तुम्ही चांभाराकडून कातडी पट्टा करून घेतला आणि त्यावर भावजींचा फोन नंबर कोरला. वर्षभर भावजींना फोन यायचे, "तुमचे वकीलसाहेब आमच्या शेतातल्या आखाड्यावर आलेत," आणि भावजी चिडून म्हणायचे, "त्यायला म्हणावं तारीख संपली की या."

कापसाची खोली तुम्हाला सापडली ती मात्र चुकून. आपल्याकडे दिवाळीत ज्याच्या त्याच्या घरात कापूस असतो. भाव बघून विकायचा म्हणून वेचलेला कापूस एका खोलीत छतापर्यंत रचायचा आणि त्या खोलीत दिवासुद्धा नेऊ द्यायचा नाही, ही आपली रीत. तुम्ही वाती वळायला मूठभर कापूस आणायला गेलात आणि वकील मागोमाग आत गेला. बाहेर बॉम्ब फुटले. तुम्ही सांगितलंत ते अजून कानात आहे, "अगं, आवाज आलाच न्हाई. लोणच्यात मीठ मुरावं तसा मुरला कापसात." वकील ढिगात खड्डा करून नाकापर्यंत आत शिरला आणि झोपला. तुम्ही दार आतून लावलंत, विजेच्या उजेडात भिंतीला टेकून बसलात आणि सरकी काढून वाती वळत राहिलात. पूजेला घरची थोरली बाई कुठे आहे म्हणून आम्ही सगळं घर धुंडाळलं.

भावजींनी दार उघडल्यावर जो आवाज काढला तो मात्र कापसात मुरला नाही. "कापसात कुत्रं! कळमनुरीच्या व्यापाऱ्याला एक केस घावला तर सगळा माल हलक्यात काढंल त्यो!" तुम्ही जागच्या हलला नाहीत. म्हणालात, "केस मी वेचीन." आणि खरंच वेचलेत. दिवाळी झाली की ओट्यावर चादर अंथरून, चष्मा लावून, तांबडे केस एकेक करून काढायचात. भावजी भिंतीला सांगायचे, "लोकायच्या बायका दिवाळीला माहेरी जातात, आमची कुत्र्याचे केस निवडते." भावजींची सवय तुम्हाला सांगायला नको, माझ्याशी बोलायचं असलं तरी ते भिंतीशीच बोलायचे. मोठ्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही म्हणून.

मग दरवर्षी तुमचा कारभार वाढत गेला. दुपारी वकिलाला लांब शेतापर्यंत चालवून दमवायचं. दिवेलागणीच्या आधी दूधभाकर घालायची, कारण भ्यालेलं जनावर खात नाही. खिडकीला ओलं बारदान लावायचं, म्हणजे आवाजही अडतो आणि भरकटलेला बाणही. दाराशी पाण्याच्या दोन बादल्या. समोरच्या शोभाबाईची गाभण शेळी आदल्या वर्षी आवाजानं गाभडली होती, पोटातलं पिल्लू गेलं होतं, म्हणून तिलाही तुम्ही आत घेतलंत, आणि तिथे मात्र फसलात. शेळीला कापसाच्या खोलीत बांधणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. रातोरात ती सरकीसकट कापूस खाऊन ढोलासारखी फुगली. सकाळी तुम्ही आणि शोभाबाई तिला आळीपाळीनं चालवत होतात, आणि भावजी भिंतीला काहीच न सांगता शेतात निघून गेले, इतका राग आला होता. पुढच्या वर्षीपासून शेळी घरातल्या बोळात आणि वकील कापसात.

आणि दरवर्षी आपलं भांडण तेच. मी म्हणायचे, अक्का, आपण का लपायचं? चौकात जाऊन सांगू, ग्रामसभेत विषय काढू, बॉम्ब शाळेमागच्या मैदानात फोडा म्हणावं. फुलबाज्या लावा, भुईचक्र लावा, झाडं लावा, कोण नाही म्हणतंय? पण दारासमोर सुतळी बॉम्ब कशाला? तुम्ही वात वळता वळता म्हणायचात, "काहून कुणाच्या लेकराचा सण मोडतीस? वर्साचे दोन-तीन दिस त्यायचे. आपल्याला दार हाय ना लावायला."

"दार लावून बसणं म्हणजे हरणं."

"लेकराला कापसात घेऊन बसणं हरणं असतं व्हय?"

एवढं बोलून तुम्ही माझ्यासमोर चिवडा सरकवून विषय बदलायचात. गेल्या वर्षी तर कौसाबाईचा संतोष बॉम्बची वात पेटवायला उदबत्ती मागायला आला, पोराबाळांचा बाप झालेला माणूस, आणि तुम्ही दिलीत. वर सांगितलंत, "सांभाळून रे, हात भाजंल." मग आत येऊन दार लावलंत. मला तुमचा इतका राग आला होता की मी दोन दिवस नीट बोलले नाही. खरं सांगू? अजून आलेला आहे. माणूस गेलं की राग जातो म्हणतात, ते खोटं आहे.

यंदा खोली रिकामी राहिली. का, ते सांगते. पहिल्या वेचणीआधी घरच्या थोरल्या बाईनं शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, त्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही. दरवर्षी तुम्ही दाखवायचात. यंदा तुम्ही दवाखान्यात, मग तुम्ही नाहीतच, आणि दहीभात कोणी करायचा हे कुणी बोलेना. भावजी बोलेनात, आमचे हे बोलेनात, आणि मी कशाला बोलू? सगळं शेत पांढरं फुटून तसंच उभं होतं.

वसुबारसेला पहिला बॉम्ब फुटला तेव्हा मी सवयीनं वकिलाला घेऊन खोलीत गेले आणि दार लावलं. रिकाम्या पिंपात डोकं घालून कुणी वरून बडवावं तसा आवाज झाला. वकील भिंती हुंगत फिरला. कोपऱ्यात गेला, जिथे तुम्ही बसायचात, तिथे उभा राहिला. मग दाराला नखं मारायला लागला. मी घाबरून त्याला गच्च धरलं, तुम्ही नको सांगितलेलं तेच केलं, आणि तो माझ्या हातून निसटून दार ओरबाडत राहिला. एक नख मुळातून तुटलं. उंबऱ्यावर रक्त. त्याच्या पायाला हळद लावताना मला कळलं की लक्ष्मीपूजनाला हा पुन्हा पळणार, आता तो म्हातारा आहे, नरसीपर्यंत पोचायचा नाही, आणि पट्ट्यावरच्या नंबरावर फोन आला तरी तो कशाचा येईल हे सांगता येत नाही.

मी खूप रडले, अक्का. तुम्ही गेलात त्या दिवशी बायकांच्या घोळक्यात रडले नव्हते एवढी त्या रिकाम्या खोलीत रडले. आणि रडून झाल्यावर मला राग आला, तो बरा वाटला.

नरकचतुर्दशीच्या सकाळी कौसाबाई ताट घेऊन आली. वर्षाच्या आत आपली कढई चढत नाही, म्हणून शेजारणी फराळ आणतात, आणि ते ताट परत करायचं नसतं. परत करणं म्हणजे तुमचं दुःखाला येणं आम्हाला मान्य नाही असं तोंडावर सांगणं. हे मला ठाऊक होतं. म्हणूनच परत केलं.

"कौसाबाई, ताट घेणार न्हाई मी."

"काहून गं? काय चुकलं आमचं?"

"उद्या तुमचा संतोष ह्या पायरीसमोर बॉम्ब लावणार, अन् आज तुमी मला करंजी देणार. अक्काचं दुःख हाय म्हणून आणलं ना ताट? मंग अक्काचं दुःख ह्या घरात आमाला जेवढं, तेवढंच त्या बाजंखाली बसलेल्यालाबी हाय. त्याचंबी पाळा. ह्या गल्लीत बॉम्ब लावू नका, शाळंमागं लावा. मंग ताट आणा, मी हात जोडून घेईन."

"कुत्र्याचा दुखवटा पाळू आमी?"

"नका पाळू. ताट न्या मग."

तिचं तोंड बघायला हवं होतंत. ताट पदराखाली झाकून गेली. पाठोपाठ आणखी दोघी आल्या, त्यांनाही तेच. शोभाबाई आली तेव्हा मी तिलाही सांगायला लागले, तर तिनं मला बाजूला सारून ताट थेट ओट्यावर ठेवलं. "मला काहून शिकवायलीस? जयंतीच्या डीजेला माझी शेळी भेती तवा आमच्या पोरायसंग मीच भांडते. तवा मी बोलते, आज तू बोल. चकली खा, घसा बसंल." तिचं ताट मी घेतलं. न्यायानं बघितलं तर तिच्या घरी बॉम्ब कुणी लावतच नाही.

घरात वादळ झालं. आमचे हे म्हणाले, "गावात राहायचंय आपल्याला." भावजी तर भिंतीशीही बोलले नाहीत. तुम्ही गेल्यापासून ते भिंतीऐवजी वकिलाशी बोलतात. त्याच्याकडे बघून म्हणाले, "वकीलसाहेब, दारात आलेलं अन्न आजवर ह्या घरातून परत गेलं न्हवतं." वकिलानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "वकीलसाहेब, आजवर ह्या घरात अक्का होत्या."

दुपारी संतोष स्वतः आला. ओट्याखाली उभा राहिला, वर चढला नाही. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. तो हळूच म्हणाला, "वहिनी, अक्का असत्या तर असं म्हणल्या नसत्या. गेल्या साली त्यायनीच मला उदबत्ती दिली."

अक्का, तो खरं बोलत होता. तुम्ही असतात तर मलाच आत ओढलं असतंत, ताट घेतलं असतंत, वर कौसाबाईला बसवून चहा केला असतात. मी तुमच्या नावानं भांडत होते आणि तुम्ही माझ्या बाजूनं नव्हतात. तुमचं नाव पुढे करून तुम्हाला कधीच नको होतं ते मी मागत होते. क्षणभर वाटलं की घ्यावं ताट आणि संपवावं.

नाही घेतलं. मी म्हणाले, "व्हय संतोष, न्हाई म्हणल्या असत्या. पर अक्का न्हाईत आता. मी हाय."

तो आल्या पावली गेला. मागे वळले तर भावजी दाराच्या आत उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता बोलणी बसणार, कुत्र्याच्या मार्फत का होईना.

दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, मी चहा दिला तर भावजींनी कप घेतला आणि भिंतीकडे नाही, वकिलाकडे नाही, सरळ माझ्याकडे बघितलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, "दहीभात कर. आता थोरली तू हाईस."

मी केला. भाताची पार खीर झाली, हसू नका. शेतात पूर्वेकडच्या कोपऱ्यात, जिथे तुम्ही ठेवायचात तिथेच ठेवला. सणामुळे वेचणीला बाई मिळणार नव्हतीच, म्हणून आम्ही तिघंच ओळीत लागलो. वेचणी करणारे भावजी कधी पाहिलेत तुम्ही? बोंडातून कापूस असा उपसत होते की जणू कुणाशी मागचं वैर होतं. वकील बांधावर बसून तिघांवर देखरेख करत होता. दुपार कलेपर्यंत जेवढा झाला तेवढा आणून खोलीत ओतला. छतापर्यंत कुठला, गुडघाभर ढीग. मग भिंतींना दोऱ्या बांधून घरातल्या सगळ्या वाकळा टांगल्या. तुमच्या लुगड्यांची, तुम्ही पांघरायचात ती वाकळ भावजींच्या बाजेवर होती, ती मी मागायच्या आधीच ते स्वतः घेऊन आले. ती तुमच्या कोपऱ्यात, ढिगाच्या बरोबर वर टांगली.

दिवेलागणीच्या आत भाकर घातली, बारदान ओलं केलं, बादल्या भरल्या. देवापुढे एकच दिवा लावला. वात मीच वळली होती, तुमच्यासारखी बारीक नाही, चांगली सुतळीएवढी जाड. मग वकिलाला घेऊन खोलीत गेले आणि त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवून बसले. दार मात्र लावलं नाही. लोटलं आणि कडी काढून ठेवली. तुमचं ऐकायचं ते ऐकलं, नाही ऐकायचं ते नाही.

पहिला आवाज आला तो लांबून. शाळेच्या बाजूनं. वकील थरथरला आणि कापसात शिरला. मग दुसरा, तोही लांबूनच. गल्लीत लेकरं फुलबाज्या घेऊन पळत होती, त्यांची ओरड ऐकू येत होती, भुईचक्राची सुरसुर येत होती. कुणीतरी एकानं मुद्दाम आपल्या कोपऱ्यावर एक बॉम्ब लावलाच. त्याला कोणीतरी शिव्या घातल्या. आवाज संतोषचा होता असं आमचे हे शपथेवर सांगतात, मला तेवढी खात्री नाही. पण दुसरा लावला गेला नाही. वकील हळूहळू झोपला, आणि झोपेत त्याचा दुखरा पाय हलत होता.

मी जिंकले असं म्हणत नाही. कौसाबाई आज सकाळी तेच ताट घेऊन आली, माझ्याकडे न बघता ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "मोठी आली शहाणी." मी हात जोडून घेतलं. तिच्या करंज्या तुम्हाला आवडायच्या, मला कधीच आवडल्या नाहीत, तरी दोन खाल्ल्या. पुढच्या दिवाळीला आपला दुखवटा संपलेला असेल, कुणी ताट आणणार नाही आणि परत करायला माझ्या हातात काही उरणार नाही. तेव्हा मी चौकात जाऊन तोंडानं सांगेन. तुम्हाला आवडणार नाही. नका आवडू. तुम्ही मला दार लावायला शिकवलंत, म्हणून तर वकील इतकी वर्षं जगला, आणि त्याबद्दल तुमचे पाय धरले असते. ते जिवंतपणी कधी सांगितलं नाही, कारण आपल्यात तसलं बोलायची पद्धत नव्हती. दार उघडं ठेवायचं मात्र मी माझं शिकले.

हे लिहिते आहे तेव्हा भावजी ओट्यावर बसलेत. चादर अंथरली आहे, चष्मा लावला आहे, त्या गुडघाभर कापसातून वकिलाचे केस काढतायत. कुणी सांगितलं नाही. सकाळपासून तांबडे केस काढून पालथ्या वाटीखाली ठेवतायत, आणि वकील शेजारी बसून कामात लुडबुड करतोय. मघाशी त्यांचा हात थांबला. कापसातून त्यांनी एक केस ओढला, तो संपेचना. लांब, अर्धा काळा, अर्धा पांढरा. तुमच्या वाकळीतून पडला असणार. त्यांनी तो उन्हात धरून बराच वेळ बघितला. मी जवळ गेले, म्हटलं, "द्या, मी ठेवते."

ते म्हणाले, "न्हाई." आणि तो केस पुन्हा कापसात, ढिगाच्या अगदी मध्ये, बोटानं खोल दाबून ठेवला. "ऱ्हाऊ दे. व्यापाऱ्याला घावला तर घावू दे. काय म्हणतो ते मी बघतो."